चौथं वर्ष : सोमदेव देववर्मनचा निर्णय आणि पिंपळगावचं एक घर

२०२४ च्या मार्चची अखेर. द्राक्षाचा हंगाम उतरणीला लागला होता. पिंपळगाव बसवंतचे एक बागायतदार त्या संध्याकाळी गाडीतून उतरून कोर्टाच्या जाळीपाशी येऊन उभे राहिले. त्यांची मुलगी माझ्याकडे नऊ वर्षं टेनिस शिकत होती. एरवी ते तिला सोडायचे आणि गाडीतच बसून फोनवर व्यापाऱ्यांशी भावाची घासाघीस करायचे. आज पत्नीही सोबत होती, म्हणजे विषय घरात बोलून झालेला होता.

"सर, हिची बारावी आटोपली. आता सरळ सांगा, प्रो खेळवायचं का अमेरिकेत कॉलेजला धाडायचं? पैसा दोन्हीकडं आहे. मी म्हणतो, दोन वर्षं स्पर्धा खेळवून बघू. नाही जमलं तर कॉलेज आहेच."

आई शिक्षिका आहेत. त्या एवढंच म्हणाल्या, "नाही जमलं हे कोण ठरवणार आणि कधी, तेवढं विचारा सरांना."

हा प्रश्न दर दोन-तीन वर्षांनी माझ्यापुढे येतो. दर वेळी मी वेगळं उत्तर दिलं आहे आणि त्यातली एक-दोन उत्तरं साफ चुकली आहेत. या वेळी म्हटलं, उत्तर नंतर. आधी एका निवृत्त खेळाडूची अख्खी कारकीर्द समोर ठेवून बसू, वकील जुना निकाल वाचतात तशी. रविवारी सकाळी कोर्टाशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये चहा-मिसळ मागवून आम्ही चौघं बसलो. हे टिपण त्या बैठकीचं आणि त्यानंतरच्या फोनाफोनीचं.

वडिलांना सानिया मिर्झाची गोष्ट हवी होती. मी नको म्हटलं. सानियाने २००३ मध्ये विंबल्डनला मुलींची दुहेरी जिंकली आणि त्याच वर्षी, वयाच्या सोळाव्या वर्षी, ती व्यावसायिक झाली. चार वर्षांत एकेरीत जगात २७ वी. तिच्या घरात निर्णय घेण्यासारखं काही उरलेलंच नव्हतं. विंबल्डन जिंकून आलेल्या मुलीला कॉलेजचा फॉर्म भर म्हणून कोण सांगेल? आमच्या मुलीचं तसं नव्हतं. देशात अठरा वर्षांखालच्या पहिल्या पन्नासात ती होती, आणि महिलांच्या पंधरा हजार डॉलरवाल्या स्पर्धांत तीनदा क्वालिफाइंग, म्हणजे मुख्य फेरीआधीची पात्रता फेरी, खेळून तिन्ही वेळा पहिल्याच सामन्यात परत आली होती. तिला अशाच खेळाडूची गोष्ट हवी होती ज्याच्यापुढे खरोखर दोन वाटा होत्या आणि ज्याने एक निवडली. म्हणून सोमदेव.

मे २००७

घर त्रिपुराचं, जन्म १९८५ चा गुवाहाटीचा, लहानपण कोलकात्यात आणि टेनिस चेन्नईत. कॉलेजला जाण्याआधीच सोमदेव देववर्मन छोट्या व्यावसायिक स्पर्धा खेळत होता. २००४ मध्ये कोलकात्यातली एक फ्युचर्स स्पर्धा, म्हणजे व्यावसायिक टेनिसची सगळ्यात खालची पायरी, त्याने जिंकलीही होती. म्हणजे सर्किट म्हणजे काय असतं हे बघून मग तो अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठात गेला. ही गोष्ट मुलीच्या वडिलांनी दोनदा विचारून घेतली, कारण त्यांच्या "आधी खेळवून बघू" या बेताला तो आधार वाटत होता. तो आधार पुढे टिकला नाही, ते नंतर सांगतो.

अमेरिकन कॉलेज टेनिसमध्ये तेव्हा शैक्षणिक वर्षाच्या अखेरीला एक राष्ट्रीय एकेरी स्पर्धा व्हायची. २००६ मध्ये सोमदेव तिच्या अंतिम फेरीत हरला. २००७ मध्ये पुन्हा अंतिम फेरीत पोचला. स्पर्धा जॉर्जियातल्या अथेन्स गावात, समोर जॉर्जिया विद्यापीठाचाच जॉन इस्नर. सहा फूट दहा इंच उंची, घरचं मैदान, घरचे प्रेक्षक आणि त्याच आठवड्यात त्याच्या संघाने सांघिक जेतेपद मिळवलेलं. सोमदेव सहा फुटांच्या आतला. त्याच्या सर्व्हिसला धार नव्हती. पाय मात्र असे की चेंडू दुसऱ्यांदा जमिनीला टेकेपर्यंत तो पॉइंट संपला असं मानायचा नाही. तीन सेट झाले, शेवटचा टायब्रेकवर गेला आणि सोमदेव जिंकला.

आता इथे थांबायचं, असं मी सांगितलं. हाच तो प्रसंग. वय बावीस, अमेरिकेतल्या कॉलेज खेळाडूंमध्ये पहिला नंबर, पदवीला एक वर्ष बाकी. कॉलेज सोडून व्यावसायिक व्हायचं, की चौथं वर्ष पुरं करायचं?

सोडून जाणं काही जगावेगळं नव्हतं. जॉन मॅकेन्रो १९७८ मध्ये स्टॅनफर्डकडून पहिल्याच वर्षी हे जेतेपद मिळवून बाहेर पडला होता. आणि मोह म्हणाल तर तो ऑगस्टमध्ये दारात येऊन उभा राहिला. वॉशिंग्टनच्या एटीपी स्पर्धेत, म्हणजे पुरुषांच्या मुख्य व्यावसायिक मालिकेत, इस्नरला वाइल्ड कार्ड, म्हणजे मानांकन नसतानाही आयोजकांकडून थेट प्रवेश, मिळालं. त्याचं मानांकन तेव्हा ४१६. पठ्ठ्याने लागोपाठ पाच सामने तिसऱ्या सेटच्या टायब्रेकवर जिंकले आणि थेट अंतिम फेरीत अँडी रॉडिकसमोर जाऊन उभा राहिला. तिथे हरला. पुढे अमेरिकन ओपनमध्ये तिसऱ्या फेरीत फेडररकडून पहिला सेट काढला.

म्हणजे ज्याला आपण मे महिन्यात हरवलं तो ऑगस्टमध्ये टीव्हीवर फेडररशी खेळतोय, आणि आपण समाजशास्त्राच्या वर्गात.

इथे माझी एक चूक कबूल करायला हवी. बरीच वर्षं मी ही गोष्ट मुलांना अशी सांगत आलो की इस्नर कॉलेज सोडून गेला आणि सोमदेव राहिला. बैठकीच्या तयारीसाठी पुन्हा वाचलं तेव्हा लक्षात आलं, इस्नरचं ते चौथंच वर्ष होतं. तो पूर्ण शिकूनच बाहेर पडला होता. म्हणजे या सामन्यातले दोघंही चार वर्षंवाले. माझ्या गोष्टीतला सगळा विरोधाभास मीच घातलेला होता. मुलगी हसली, आई हसल्या नाहीत. "बरं झालं आज वाचलंत," म्हणाल्या.

चौथ्या वर्षात काय केलं

सोमदेव परत गेला. २००८ च्या मोसमात त्याने ४४ सामने जिंकले, १ हरला. राष्ट्रीय एकेरी स्पर्धा पुन्हा जिंकली, अंतिम सामना सरळ सेटमध्ये. लागोपाठ तीन वर्षं अंतिम फेरी, त्यात दोन जेतेपदं. समाजशास्त्रातली पदवी घेतली आणि मग व्यावसायिक झाला. त्याच उन्हाळ्यात अमेरिकेतच लेक्सिंग्टनची चॅलेंजर, म्हणजे एटीपीच्या एक पायरी खालची स्पर्धा, जिंकली.

वडिलांना हे काही पटेना. "चव्वेचाळीस जिंकले आणि एक हरला, म्हणजे तिथं त्याला शिकायला काय उरलं होतं? वर्ष वायाच गेलं की."

आक्षेप खरा आहे. मलाही तो पडत आला आहे. पण त्यांच्याच धंद्यातला दाखला त्यांच्याच पत्नीने दिला. "एप्रिल छाटणीला तरी कुठं घड लागतो?"

नाशिकबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्याकडे द्राक्षाची वेल वर्षातून दोनदा छाटतात. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये गोड्या बहाराची. एप्रिल छाटणीनंतर फळ घ्यायचंच नसतं. नवी काडी येते, ती पिकते आणि तिच्या डोळ्यात पुढच्या घडाची गर्भधारणा होते. ऑक्टोबरनंतर जो घड फुटतो तो एप्रिल ते जूनमध्येच ठरून गेलेला असतो. त्या महिन्यांत बाग बघायला आलेल्या माणसाला वाटेल, इथे नुसता खर्चच चाललाय.

वडील गप्प बसले नाहीत, आणि बसले नाहीत ते चांगलंच झालं. "पण खरड छाटणी लांबली तर? मे उलटून छाटली की पुढं ढगाळ हवा, ऊन नाही. काडी दिसायला जाडजूड, पण घड कमी. उशिराचं नुकसान ऑक्टोबरला कळतं, तेव्हा हातात काही नसतं."

हे बोलणं मी वहीत लिहून घेतलं. कारण सोमदेवच्या कारकिर्दीवरचा सगळ्यात धारदार प्रश्न हाच आहे. तेविसाव्या वर्षी सुरुवात केली, त्यात उशीर झाला का?

घड किती, काडी किती

पुढची वर्षं भराभर सांगतो. २००९ च्या जानेवारीत चेन्नई ओपनला वाइल्ड कार्ड, मानांकन दोनशेच्या आसपास. तिथे कार्लोस मोयाला हरवलं. मोया म्हणजे फ्रेंच ओपनचा माजी विजेता आणि चेन्नईचाही. मग इवो कार्लोविचला हरवलं. उपांत्य सामना प्रतिस्पर्ध्याने माघार घेतल्यामुळे खेळावाच लागला नाही. अंतिम फेरीत मारिन चिलिचकडून हार. व्यावसायिक होऊन वर्षही झालेलं नव्हतं. त्याच सप्टेंबरात जोहान्सबर्गला डेव्हिस कपमध्ये दोन सेटनी मागे पडून पाच सेटचा सामना काढला आणि भारत अकरा वर्षांनी जागतिक गटात, म्हणजे सगळ्यात वरच्या गटात, परतला.

२०१० चा ऑक्टोबर मला नीट आठवतो, पण सोमदेवमुळे नाही. नाशिकमध्ये त्या महिन्यात एकच नाव होतं, सावरपाड्याची कविता राऊत. दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरला तिने कांस्य मिळवलं. ट्रॅकवरच्या वैयक्तिक प्रकारात राष्ट्रकुल पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. शहरभर फलक लागले होते. त्याच दिल्लीत सोमदेवने पुरुष एकेरीत सुवर्ण घेतलं, आणि टेनिस शिकवणारा मी असूनही ते मला दुसऱ्या दिवशी पेपरात कळलं. पुढच्याच महिन्यात ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत कविताला रौप्य, सोमदेवला एकेरीचं सुवर्ण आणि सनम सिंगबरोबर दुहेरीचंही. सनम हाही व्हर्जिनियातच शिकलेला.

२०११ मध्ये जोहान्सबर्गच्या एटीपी स्पर्धेत अंतिम फेरी, तिथे केव्हिन अँडरसनकडून हार. इंडियन वेल्सला चौथी फेरी, समोर नदाल, ७-५, ६-४ असा झुंजून पराभव. आणि जुलैमध्ये जगात ६२ वा. कारकिर्दीतलं हे सर्वोच्च स्थान. अर्जुन पुरस्कारही त्याच वर्षीचा.

आणि मग खांदा गेला.

खांद्याबद्दल थोडं थांबून सांगावं लागेल, कारण मैदानाबाहेरच्या माणसाला 'दुखापत' हा शब्द फार छोटा वाटतो. टेनिसचं मानांकन म्हणजे बँकेतली ठेव नव्हे. या आठवड्यात मिळवलेले गुण पुढच्या वर्षी याच सुमाराला वजा होतात, ५२ आठवड्यांनी. खेळाडू खेळत नसला तरी घड्याळ चालूच. खांदा दुखतोय म्हणून सहा महिने घरी बसलात तर मागच्या वर्षीच्या सहा महिन्यांची कमाई एकेक करून गळते, आणि गळून गेली की मोठ्या स्पर्धांचं दार बंद, पुन्हा छोट्या स्पर्धांच्या क्वालिफाइंगपासून सुरुवात. २०१२ मध्ये सोमदेव सहाशेच्याही खाली घसरला. लंडन ऑलिंपिकला वाइल्ड कार्डवर गेला, पहिल्याच फेरीत परतला.

दीर्घ दुखापतीनंतर परतणाऱ्यांना काही स्पर्धांपुरतं जुनं मानांकन वापरू देतात. त्या सवलतीवर तो २०१३ च्या ऑस्ट्रेलियन ओपनला उतरला. दुसऱ्या फेरीत येर्झी यानोविचविरुद्ध पहिले दोन सेट जिंकले, पुढचे तीन हरला, शेवटचा ७-५. माझ्या मते त्याच्या कारकिर्दीतला सगळ्यात बोलका सामना हाच. पाय होते, डोकं होतं, पाचव्या सेटच्या शेवटी मात्र हातात फटका उरला नव्हता. त्या वर्षात तो पुन्हा शंभराच्या आत आला. २०१४ आणि २०१५ मध्ये दिल्लीची चॅलेंजर जिंकली. पण बासष्टचा आकडा पुन्हा दिसला नाही. २०१४ च्या आशियाई स्पर्धेला तो गेला नाही. ग्वांगझूचं सुवर्ण राखायचं की मानांकनाचे गुण जमवायचे, यात त्याने गुण निवडले. त्यावर टीका झाली. मला त्यात काही गैर वाटत नाही. ज्याचे गुण गळतात त्यालाच त्याची झोप उडाल्याचं माहीत.

१ जानेवारी २०१७ ला त्याने निवृत्ती जाहीर केली. वय एकतीस. एटीपी जेतेपद एकही नाही, ग्रँड स्लॅममध्ये दुसऱ्या फेरीच्या पुढे कधी नाही. २०१८ मध्ये पद्मश्री.

"एकही टायटल नाही?" वडिलांनी विचारलं. त्यांच्या आवाजात निराशा होती, जणू मी त्यांना निर्यातीचा माल म्हणून दुय्यम प्रतीचा दाखवला होता.

उशीर झाला का

हिशेब मांडू. २००८ मध्ये सुरुवात, २०११ मध्ये सर्वोच्च स्थान, त्यानंतर लगेच खांदा. धडधाकट शरीराने खेळलेली वर्षं जेमतेम साडेतीन. २००७ मध्ये बाहेर पडला असता तर साडेचार झाली असती. वडिलांचा युक्तिवाद हा.

मला तो पटत नाही, त्याचं कारण सोमदेवच्या खेळात आहे. इस्नरसारख्या खेळाडूची पुंजी म्हणजे सर्व्हिस. एक-एक फटक्यात पॉइंट मिळत जातात, शरीर थोडं कच्चं असलं तरी पहिल्या वर्षी निभावतं. सोमदेवचा खेळ म्हणजे वीस-वीस फटक्यांची रॅली. समोरच्याला दमवायचं, चुकायला लावायचं. असा खेळ फक्त पक्क्या शरीरावर उभा राहतो. कच्च्या शरीराने तो वर्षाआधी सुरू केला असता तर खांदाही वर्षाआधी गेला असता, असं मला वाटतं. वाटतं म्हणतो, कारण याला पुरावा देता येत नाही.

दुसरं उदाहरण मुलीनेच काढलं, युकी भांबरीचं. २००९ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपनची मुलांची एकेरी जिंकली, ज्युनियरमध्ये जगात पहिला झाला, कॉलेजला न जाता थेट व्यावसायिक. एकेरीत सर्वोच्च स्थान ८३, २०१८ मध्ये. तोही दुखापतींनी पिडला, पुढे दुहेरीकडे वळला. म्हणजे लवकर छाटलेल्या वेलीलाही गारपीट चुकली नाही. पण दोन माणसांच्या तुलनेवरून नियम काढायला मी तयार नाही. वडिलांनाही तसं सांगितलं.

त्याच रविवारी मुलगी येताना आणखी एक बातमी घेऊन आली होती. आदल्या रात्री मायामीची स्पर्धा डॅनिएल कॉलिन्सने जिंकली होती. तिने तर फायनल जागून बघितली होती. "सर, ही पण व्हर्जिनियाची. सोमदेवच्याच कॉलेजची." खरंच होतं. कॉलिन्सने २०१४ आणि २०१६ मध्ये कॉलेजची राष्ट्रीय एकेरी जिंकली, शिक्षण पुरं करून व्यावसायिक झाली, २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपनच्या अंतिम फेरीत पोचली. आपल्याकडची ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एममध्ये खेळली आणि २०२३ मध्ये हांगझूला रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्ण घेऊन आली. पुण्याचा अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेटचा. ही वाट आता मळलेली आहे. १९९५ मध्ये महेश भूपतीने मिसिसिपी विद्यापीठाकडून कॉलेजची राष्ट्रीय दुहेरी जिंकली तेव्हा आमच्यासारख्यांना ते कुठे आहे हेही ठाऊक नव्हतं. मी तेव्हा राज्य पातळीवर खेळत होतो. पुढे क्रीडा कोट्यातून सातपूरच्या एका कंपनीत चिकटलो आणि खेळ शनिवार-रविवारवर आला. असो.

सामने कुठे मिळतील

बैठक इथपर्यंत आली आणि माझ्या लक्षात आलं, आम्ही चुकीच्या गोष्टीवर भांडतोय. सोमदेवला चौथ्या वर्षी काय मिळालं याचं उत्तर आमच्या मुलीला लागूच पडत नाही. तो ४४-१ होता. ही क्वालिफाइंगमध्ये ०-३ आहे. त्याला शरीर पक्कं करायला शांत वर्ष हवं होतं. हिला हवेत सामने.

साधा हिशेब बघा. पंधरा हजार डॉलरची स्पर्धा. ही रक्कम सगळ्यांत मिळून वाटायची. मुख्य फेरीत पहिल्याच सामन्यात हरणारीला दीडशेच्या आसपास डॉलर मिळतात, बारा-तेरा हजार रुपये. जिंकणारीलाही दोन हजारांहून थोडेच जास्त. क्वालिफाइंगमध्ये हरणारीच्या हाती तर काहीच नाही. प्रवास, हॉटेल, रॅकेटचं गटिंग, सोबत कोणी गेलं तर त्याचाही खर्च. पण पैशापेक्षा वाईट म्हणजे, सोमवारी हरलात की पुढचा सामना पुढच्या सोमवारी. मधले सहा दिवस दुसऱ्या हरलेल्या मुलीबरोबर सराव करायचा. महिन्यात चार-पाच सामने, त्यातले बहुतेक हरलेले. अठराव्या वर्षी माणूस असा घडत नाही, खचतो.

कॉलेजमध्ये दोन संघांच्या लढतीत सहा एकेरी आणि तीन दुहेरी असतात. शुक्रवारी हरलात तर रविवारी पुन्हा उभं राहायचंच आहे, संघाला गरज आहे. बाजूला प्रशिक्षक बसलेला असतो आणि दोन पॉइंटच्या मध्ये उठून सांगूही शकतो. फिजिओ, जिम, कोर्ट, प्रवास विद्यापीठाचा. शिष्यवृत्तीचं म्हणाल तर पहिल्या श्रेणीच्या कॉलेजांत नियम तेव्हा बरीच वर्षं असा होता की पुरुषांच्या टेनिस संघाला साडेचार पूर्ण शिष्यवृत्त्या वाटून द्यायच्या आणि महिलांच्या संघाला आठ. मुलगी असण्याचा फायदा भारतीय खेळात क्वचित होतो, इथे होता.

आणि आता तो आधार, जो टिकला नाही. "दोन वर्षं प्रो, नाही जमलं तर कॉलेज." कॉलेज टेनिसच्या नियमांत तेव्हा बारावीनंतर साधारण सहा महिन्यांची मोकळीक होती. त्यापुढे स्पर्धा खेळत राहिलात तर कॉलेजमधल्या खेळाची वर्षं कापली जाऊ शकत होती. कॉलेजला जाण्याआधी वर्षाला दहा हजार डॉलरपर्यंतचं बक्षीस चालायचं, त्यापुढे खर्चाच्या पावत्या दाखवाव्या लागायच्या. म्हणजे कॉलेज हे परतीचं तिकीट नव्हतं. दोन वर्षांनी गेली तर चारऐवजी दोनच मोसम हाती उरतील, आणि असल्या मुलीसाठी प्रशिक्षक शिष्यवृत्ती कशाला राखून ठेवेल?

वडील बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे खरड छाटणी करायची तर आत्ताच."

"हो."

"आणि चार वर्षांनी घड लागलाच नाही तर?"

मी म्हटलं, तीही शक्यता आहे. सोमदेवला तिथे रोज त्याच्या तोडीची मुलं मिळाली, तो मुळात त्या जातीचा होता. हिची जात अजून कळायची आहे. आईंनी मात्र दुसराच मुद्दा काढला. "त्याचा खांदा सव्विसाव्या वर्षी गेला, तेव्हा पदवी खिशात होती ना? म्हणून तो खांदा बरा होईपर्यंत थांबू शकला. पुढं काय, ही भीती असती तर दुखऱ्या खांद्याने खेळत राहिला असता." हे मला सुचलं नव्हतं. खरं आहे की नाही ते सोमदेवच सांगू शकेल, पण त्या शेडमध्ये ते सगळ्यांना पटलं.

त्यानंतर काम कारकुनीचं होतं. दोन कोर्टांवर मोबाइल उभा करून तिच्या सामन्यांचं चित्रीकरण, तेही न कापता, हरलेले सेटही ठेवून. प्रशिक्षकांना जिंकलेले फटके नको असतात, ०-४० वर, म्हणजे गेम जायला एकच पॉइंट उरलेला असताना, मुलगी काय करते ते हवं असतं. इंग्रजीची परीक्षा, गुणपत्रिकांचं मूल्यांकन, चाळीसच्या आसपास कॉलेजांना मेल. अकरा उत्तरं आली, त्यातली चार खरी. बालेवाडीला एक स्पर्धा होती, तिथे वडील पहाटे साडेतीनला निघून सिन्नर, संगमनेर करत तिला घेऊन गेले आणि पहिल्यांदाच सामना संपेपर्यंत गाडीत न बसता बाहेर उभे राहिले. ती दुसऱ्या फेरीत हरली. तो सामना आम्ही तसाच पाठवला. त्यावरच एका प्रशिक्षकाचा फोन आला.

ऑगस्टमध्ये ती गेली. शिष्यवृत्ती पूर्ण नाही, पाऊण. उरलेल्यासाठी वडिलांनी एका बागेचा नवा मांडव पुढच्या वर्षावर ढकलला.

फेब्रुवारीत त्यांचा फोन आला. मागे फवारणीच्या ब्लोअरचा आवाज.

"सर, तिला पाच नंबरला खेळवतात म्हणे. पाच म्हणजे काय?"

"सहा जणी एकेरी खेळतात. त्यातली पाचवी."

"म्हणजे चार जणी हिच्या पुढं."

"हो. पण परवाच्या शुक्रवारी हरली आणि रविवारी जिंकली, बघितलं का?"

"बघितलं. रात्री अडीचला लावलं होतं." थोडा वेळ नुसता ब्लोअरच ऐकू आला. "तिसऱ्या सेटला ०-४० होती हो. मी म्हटलं, गेली."

"मग?"

"मग काही नाही. ती मागं गेली, टॉवेल घेतला, तोंड पुसलं, आणि सर्व्हिस टाकली." आणि ब्लोअर बंद करायला कुणाला तरी हाक मारून त्यांनी फोन ठेवला.